पेला उपडा झाला नाही

मित्रांनो, माझ्यासारखे पुष्कळ जण तुमच्या मांडणीवर असतील. मी स्टीलचा पेला. वय पन्नासच्या वर, पोटाला एक चेप, काठ एका बाजूने वाकलेला. तरी माझ्या अंगावर नाव आहे आणि त्याचा मला अजून तोरा आहे.

ते नाव मेहकरच्या बाजारात घातलं गेलं. सहदेव नावाच्या एका तरुणाने बहिणीच्या लग्नात द्यायला मला घेतलं. तेव्हा खेड्यात स्टीलचं भारी अप्रूप. दुकानदाराने बारीक हातोडीने टिंब टिंब ठोकत अक्षरं उमटवली, 'बनाबाईस, भाऊ सहदेवकडून.' टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण काही आलं नाही, पण बनाबाई मिळाली.

बनाबाईची एक सवय होती. चहा संपला की माझ्यात घोटभर पाणी ओतायची, ते हिसळून पिऊन टाकायची आणि मला जमिनीवर उपडा ठेवायची. अन्नाचा थेंब वाया घालवू नये, हे तिला आईने शिकवलेलं. घरात मयत झाली तरी तिने कधी मला अर्धा सोडलं नाही. पुढे नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, सांभाळणारा सहदेवही गेला. तेव्हा दोन लुगडी, बुद्धाची एक तसबीर आणि मी, असा संसार घेऊन बनाबाई वडनेर भोलजीजवळच्या एका लहान वृद्धाश्रमात आली.

तिथे बावीस म्हातारी माणसं. आश्रमाचे पेले सगळे एका साच्यातले, बिननावाचे. मी एकटाच नाववाला, म्हणून मी थोडा फुगूनच राहायचो. भांडी घासायला गावातून अमीना यायची. उरलेला चहा आणि खरकटं ती बादलीत ओतायची, ते शेजारच्या म्हशीला जायचं. म्हाताऱ्यांचं औषधपाणी मंजुश्री पाहायची. पोरगी कामाची, मायेची. तिला मी दोष देणार नाही.

त्या हिवाळ्यात कुणाच्या तरी भेटीला आलेल्या पाहुण्यासोबत खोकला आश्रमात शिरला. तरण्याताठ्या नोकरांना ताप आला, चार दिवसांत उतरला. बनाबाईच्या शेजारच्या खाटेवर विमलबाई होत्या. त्यांना ना खोकला, ना ताप. त्या फक्त जेवेनाशा झाल्या.

"चतुर्थी असंन," कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी त्या बनाबाईला 'आई' म्हणू लागल्या. तिसऱ्या दिवशी उंबऱ्याला अडखळून पडल्या. मंजुश्रीने दर वेळी ताप पाहिला, नव्हता. सगळे म्हणाले, वय झालं, चालायचंच. पाचव्या दिवशी सकाळी विमलबाई उठल्या नाहीत.

मी मोरीवर होतो, मित्रांनो. त्यांचे भरलेले पेले माझ्याशेजारी येत होते आणि बादलीत रिकामे होत होते. ते कुणाचे, हे कुणाला कळायला मार्ग नव्हता. मला तोंड आहे, आवाज नाही. त्याचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं.

पुढल्या पौर्णिमेला सकाळी बनाबाईने मला दोन्ही हातांनी धरलं, दोन घोट घेतले आणि खाली ठेवलं. सरळच. माझ्या पोटात चहा गार होत गेला. दुपारचा चहाही तसाच राहिला. अमीनाने मला उचललं, बादलीवर वाकवलं आणि थांबली. मला हातात घेऊन ती तशीच मंजुश्रीकडे गेली.

"ताई, बनाआजीचा गिलास पाहा. सकाऊन बी असाच होता."

"आज पौर्णिमा हाय न. उपोसथ असंन आजीचा."

"पौर्णिमेले जेवत नाही आजी, पण चहा कधी सोडला तिनं? तीन साल झाले मी हा गिलास धुऊन राह्यली. एकदा बी सरळ नाही भेटला मले."

"अवं, आताच ताप पाह्यला म्या. नाही हाय."

"विमलआजीले तरी कुठी होता ताप?"

मंजुश्रीने मला अमीनाच्या हातून घेतलं. मला तिथेच टेबलावर ठेवून ती धावत खोलीत गेली. बनाबाई गुंगीत होती. मंजुश्रीलाच ती विचारत होती, "वहिनी, सहदेव जेवला काय?" तिच्या बोटाला चिमटा लावला, तर अंगातला प्राणवायू फार खाली गेलेला. अर्ध्या तासात गाडी तिला घेऊन खामगावच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागली. मी टेबलावरच राहिलो.

रात्री परत आल्यावर मंजुश्रीने सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. डॉक्टरांनी सांगितलेलं तिने सांगितलं. थकलेल्या अंगात विषाणू शिरला तरी ताप दर वेळी चढत नाही. माणूस जेवायचं सोडतं, पेंगत राहतं, एकाएकी भलतंच बोलू लागतं, तोल जातो, धाप लागते. कालच्यापेक्षा आज काही वेगळं दिसलं की तेच लक्षण समजायचं. बोलता बोलता ती रडू लागली. "विमलआजीचं तर सगळंच दिसलं होतं वं आपल्याले," ती म्हणाली. अमीनाने तिला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडाला मास्क आले, खिडक्या उघडल्या, खोलीतल्या बाकीच्यांना तपासून वेगळं ठेवलं. मी अकरा दिवस कोरडा पडून होतो. अमीना मला रोज घासायची, उगीचच.

बाराव्या दिवशी बनाबाई आली. अर्धी राहिली होती. अमीनाने माझ्यात अर्धाच चहा दिला. बनाबाईने तो खूप वेळ लावून संपवला, पाणी मागितलं, हिसळून प्याली आणि मला उपडा ठेवलं. अमीनाने ओढणीने डोळे पुसले.

अमीनाचा भाऊ वाहेद आठवडी बाजारात भांड्यांवर नावं घालतो. त्याने येऊन एकेका पेल्यावर एकेकाचं नाव घातलं. माझा तोरा गेला, पण बरं वाटलं. शेवटी एक पेला उरला.

"त्याच्यावर विमलचं टाक," बनाबाई म्हणाली.

"पण विमलआजी तर गेली न, आजी," वाहेद म्हणाला.

"म्हनूनच टाक, बापू."

मित्रांनो, तुमच्या घरी म्हातारं माणूस असेल. त्याला तोंडही आहे आणि आवाजही आहे, पण 'मले बरं नाही' असं ते सहसा म्हणत नाही. तेव्हा त्याच्या पेल्यात काही उरलं, तर ते ओतण्याआधी एकदा त्याच्याजवळ जाऊन बसा.

आता रोज चहानंतर आम्ही मोरीवर येतो. अमीना एकेकाचं नाव वाचते, मगच बादलीकडे वळते. विमलबाईंचा पेला तिथेच कोपऱ्यात असतो. त्यात कुणी चहा पीत नाही, आणि त्याला कुणी उपडाही ठेवत नाही.