अजीजभाईंच्या निकालाचा फ्लेक्स

मी एक जुना फ्लेक्स आहे. मित्रांनो, हसू नका. फ्लेक्स जुना होऊ शकतो, हे मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या कुळात आठ दिवस जगला त्याला दीर्घायुषी म्हणतात. वाढदिवस संपला की फ्लेक्स संपला. मला दीड वर्ष झालं. म्हणजे आमच्या हिशेबानं मी पणजोबा आहे.

माझा जन्म लातूरच्या एका छपाईच्या दुकानात झाला. ज्या रोलमधून मी निघालो, त्यातून माझ्या आधी एका भाऊंचा वाढदिवस निघाला आणि माझ्या मागून एका क्लासचे गुणवंत विद्यार्थी निघाले. मी मधला. दहा फूट लांब, सहा फूट उंच. अंगावरची शाई ओली होती तेव्हा मला वाटलं, आपणही कोणाला तरी दीर्घायुष्य चिंतणार. पण मी निघालो निकाल.

कसला निकाल, ते सांगतो. माझे मालक अजीजभाई मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात. दुकान क्लासच्या गल्लीत. पण त्यांचा खरा धंदा ऐकण्याचा. बावीस वर्षं हा माणूस गाण्यामागे हिंडतो आहे. उरूस असो, सप्ताह असो, जयंती असो की परक्याचं लग्न असो, एसटीनं जायचं, खिशातल्या छोट्या रेकॉर्डरवर गाणं उतरवून घ्यायचं, घरी येऊन तीनदा ऐकायचं आणि वहीत गुण द्यायचे. एकतीस डिसेंबरला वर्षाचा निकाल पुठ्ठ्यावर लिहून दुकानाबाहेर लावायचा. त्यात वशिला चालत नाही. सख्ख्या मेव्हण्याची कव्वाली त्यांनी लागोपाठ चार वर्षं नापास केली. मेव्हणा अजून घरी येतो. जेवतो. गात मात्र नाही.

त्या वर्षी त्यांच्या बायको जोहराभाभी वैतागून म्हणाल्या, "अजी, लातुरात पुठ्ठ्यावरचा निकाल कोण बघतंय? इथं पास झालेल्याचा फ्लेक्स लागतो. लावा की तुम्ही पण! घरातला मिक्सर आठ महिने बंद पडून राहिलाय, पण निकाल वेळेवर."

हा टोमणा होता. अजीजभाईंनी तो सल्ला समजून घेतला आणि छपाईच्या दुकानात जाऊन बसले.

तिथल्या पोऱ्याकडे एकच नमुना होता, क्लासचा. त्यानं त्यातच नावं बसवली. वर 'आमचे यशवंत', खाली 'प्रवेश सुरू', कोपऱ्यात अजीजभाईंचा मोबाईल नंबर. पहिल्या नंबरखाली आधीच्या कुण्या विद्यार्थिनीचे गुण राहून गेले : नीट, ७२० पैकी ७०१. अजीजभाईंनी चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाले, "राहू दे. बरोबर दिलेत. एकोणीस कापले ते हार्मोनियमवाल्याचे."

"पहिल्या नंबरचा फोटो?" त्यानं विचारलं.

अजीजभाईंनी मोबाईल पुढे केला. फोटोत नुसता काळोख होता.

"चाचा, यात काहीच दिसत न्हाई."

"मलाही दिसत नव्हतं. लाईट गेली होती. छाप."

म्हणून माझ्या छातीवर, बरोबर मधोमध, एक काळा चौकोन आहे. त्याखाली लिहिलंय : राजकन्या, जळकोट.

ही राजकन्या जळकोटच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. त्या एप्रिलात जयंतीच्या कार्यक्रमात ती तिसरं गाणं म्हणत असताना वीज गेली. माईक गेला, दिवे गेले, हार्मोनियमवाला चप्पल शोधायला लागला. ती थांबलीच नाही. सतरा मिनिटं ती उघड्या गळ्यानं गात राहिली, आणि सहाशे माणसं तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून गप्प बसली. लेकरं रडायची थांबली. एकाला खोकला आला, तो उठून शेतात गेला आणि खोकून परत आला. हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे. खोकला लांबून येतो.

दुसरा नंबर कंधारच्या उरसातल्या कव्वालाचा. त्याच्या पेटीची एक पट्टी अडकून सारखी वाजत होती. त्यानं ती सोडवली नाही, सगळी कव्वाली त्या एका सुराभोवती बांधली. तिसरा माळेगावच्या जत्रेतला ढोलकीवाला. नाचणारीची गाडी लोह्याजवळ पंक्चर झाली, तर ह्यानं एकट्यानं पाऊण तास तंबू धरून ठेवला. चौथं, देगलूरच्या लग्नातल्या मंगलाष्टका : मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत, कारण म्हणणाऱ्या तिघांना एकही पूर्ण येत नव्हती. आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातलं सकाळचं कीर्तन. त्यापुढे नंबर नाही, नुसता शेरा आहे : 'इथे गुण देण्याची आपली ऐपत नाही.'

मला दुकानाशेजारच्या भिंतीवर टांगलं आणि दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले. "सर, रिपीटरची बॅच हाय का?" "सर, होस्टेल जवळ हाय का?" अजीजभाई खरं तेच सांगायचे, "मार्क तिनं गाण्यात घेतलेत." पलीकडचा माणूस थोडा विचार करायचा आणि विचारायचा, "ते एक्स्ट्राचे का?"

देगलूरचे व्यंकटी तर थेट येऊनच धडकले. मुलगी बारावीला, हातात तिच्या गुणपत्रिकांची पिशवी.

"सर, ही जळकोटची पोरगी तुमच्याकडंच होती का? सातशे एक म्हंजे लई झालं. आमच्या पोरीला बी घ्या."

अजीजभाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, कानाला रेकॉर्डर लावला आणि एका पंख्याची कॉईल गुंडाळायला घेतली. व्यंकटी सतरा मिनिटं हलले नाहीत. मग पिशवी मांडीवर ठेवून म्हणाले, "बरोबर हाय. सातशे एक." आणि माझ्याकडे वर बघून म्हणाले, "चौथा नंबर आमच्या पावण्याचं लगीन हाय की! मी होतो तिथं. मला वाटलं, भांडण लागलंय."

पोरीची अ‍ॅडमिशन त्यांनी दुसरीकडे घेतली. पण तिला भेटायला आठवड्याला लातूरला यायचे, तेव्हा आधी दुकानात यायचे.

मित्रांनो, इथवर माझं आयुष्य कौतुकाचं होतं. मग आप्पासाहेबांनी मला वाचलं.

ज्या भिंतीवर मी होतो ती आप्पासाहेबांची. ज्या गाळ्यात अजीजभाई बसायचे तोही त्यांचाच. आणि त्या वर्षी लातुरातला सगळ्यात मोठा संगीताचा कार्यक्रमही त्यांचाच झाला होता. पाच हजार खुर्च्या, मोठा पडदा आणि धूर सोडायची तीन यंत्रं. गायकाचं गाणं आधीच भरून आणलेलं होतं. तो फक्त ओठ हलवत होता. धुरामुळे तेही नीट दिसत नव्हतं.

ते स्वतः दुकानात आले. रागावलेले नव्हते. दुखावलेले होते, आणि ते जास्त अवघड असतं.

"अजीज, तू आला होतास आमच्या कार्यक्रमाला. पुढच्या रांगेत बसवलं तुला. मग यादीत आम्ही कुठं?"

"यादीत पहिले पाचच छापलेत, आप्पासाहेब."

"मग कितवे आम्ही?"

अजीजभाईंनी वही काढली. पानं उलटली. बरीच उलटली. "एकशे सातवे."

"कितीमधून?"

"एकशे सात."

आप्पासाहेबांनी रुमालानं मान पुसली. "एकशे सहावं कोण?"

"उदगीरजवळ आमची बस बंद पडली होती, तिचं इंजिन. दीड तास ड्रायव्हर चालू करून राहिला. चालू झालं न्हाई, पण ताल सोडला न्हाई."

दुकानात कोणी हसलं नाही. व्यंकटी तेवढे बाहेर जाऊन आले.

"ऐक," आप्पासाहेब म्हणाले. "त्या काळ्या चौकोनावर आमच्या कार्यक्रमाचा फोटो चिकटव. स्टिकर मी पाठवतो. बाकीचे राहू देत, मला कोणाचं वाईट करायचं न्हाई. रविवारपर्यंत झालं तर ठीक. न्हाईतर भिंत माझी हाय, गाळा पण माझा हाय."

स्टिकर लावला नाही तर सोमवारी भिंत आणि गाळा आपले राहणार नाहीत, हे अजीजभाईंना बोट दाखवून सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं त्यांनी त्या एका गाळ्यात काढली होती. जोहराभाभी रात्रीच्या भाकरी थापत म्हणाल्या, "एक स्टिकर लावल्यानं काय होतं? तुम्हाला ठाऊक हाय ना आत कोण हाय ते?"

"मला ठाऊक हाय. वाचणाऱ्याला न्हाई."

भाभींनी भाकरी उलटली. "मग माझ्या भावाला चार वर्षं नापास केलं, ते कशासाठी? आता स्टिकर लावलात, तर त्याला काय तोंड दाखवू मी?"

रविवारी स्टिकर आला. चकचकीत होता, वास नवा होता. अजीजभाईंनी तो उघडलाच नाही. सोमवारी महापालिकेचा माणूस आला : विनापरवाना फलक, उतरवा. उतरवलं. मी जमिनीवर पडलो, आणि खरं सांगतो, आता शेतात सोयाबीनच्या ढिगावर झाकण म्हणून टाकतील असं वाटलं. आमचे सगळे तिकडेच जातात.

पण अजीजभाईंनी माझी एक बाजू धरली आणि व्यंकटींनी दुसरी, आणि दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

"हे काय?" महापालिकेचा माणूस म्हणाला.

"फलक लावायला बंदी हाय. आम्ही लावलेला न्हाई, धरलेला हाय."

त्यानं खिशातून नियमांचा कागद काढला. वाचला. उलटून पाठीमागून वाचला. धरलेल्या फ्लेक्सचा रकाना त्यात नव्हता. त्यानं साहेबांना फोन लावला. साहेबांनी विचारलं, किती वेळ धरणार? अजीजभाई म्हणाले, चार ते सहा, क्लास सुटतात तेव्हा. साहेब म्हणाले, मग कंटाळतील.

अकरा दिवस धरलं. व्यंकटी नसायचे तेव्हा जोहराभाभी यायच्या, बुरख्यावरून दुकानाचा अ‍ॅप्रन बांधून, आणि धरल्या धरल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "मिक्सर पण दुरुस्त करतात. घरचा सोडून." क्लासची पोरं थांबून वाचायची. काळ्या चौकोनासमोर उभं राहून एकजण फिजिक्सचं सूत्र आठवावं तसा बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "ऐकायला मिळेल का?" रेकॉर्डर कानोकान फिरला. बॅटरी तीनदा बदलली.

अकराव्या दिवशी राजकन्या स्वतः आली. जळकोटच्या बसनं, तरातरा.

"अजीजभाई तुम्हीच ना? अहो, मला डॉक्टर करून टाकलंत की! गावात फोटो फिरला ह्याचा. सातशे एक मार्क म्हणून सरपंचांनी शाल दिली. बाया इंजेक्शन द्या म्हणून दारात येऊन राहिल्या."

"दिलं का?"

"अहो!" ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "मला आज कळलं, गाळा रिकामा करायला सांगितलाय तुम्हाला. माझ्यापायी न्हाई करायचं असलं. काढा माझं नाव. मी सांगते काढा."

अजीजभाईंनी माझी बाजू सोडली नाही. "ताई, नाव तुमचं हाय. ते तुम्ही मागितलं तर देईन. पण नंबर माझा हाय. मी ऐकलंय, तीनदा ऐकलंय, आणि वहीत लिहिलंय. तो काढायचा हक्क तुम्हाला न्हाई, आप्पासाहेबांना न्हाई, आता मला बी न्हाई."

"आणि गाळा?"

"गाळे एकशे सात मिळतील."

राजकन्या थोडा वेळ माझ्याकडे, म्हणजे स्वतःच्या काळोखाकडे, बघत उभी राहिली. जमलेल्या पोरांपैकी कोणी तरी म्हणालं, ताई, एक गाणं होऊन जाऊ द्या. "गळा बसलाय," ती म्हणाली. खरंच बसला होता. मग तिनं पदर खोचला आणि मधून मला वर उचललं. "मध्ये झोळ पडून राहिलाय. माझंच तोंड दिसंना गेलंय."

महिनाअखेर गाळा गेला. आप्पासाहेबांचं दुखावलेपण गेलं नाही, गाळा गेला. अजीजभाई आता जुन्या दाल मिलच्या कुंपणालगत पत्र्याच्या टपरीत बसतात. पत्रे चारच मिळाले, ते बाजूंना लागले. छप्पर मी आहे. छपराला परवाना लागत नाही. छापलेली बाजू आत केली आहे, म्हणजे मिक्सर घेऊन आलेल्या माणसाला स्टुलावर बसून वर बघितलं की पहिला नंबर डोक्यावर दिसतो. ऊन झेलून माझी पाठ तडकली आहे. दुसऱ्या नंबरमधून गळतं. पहिल्यातून अजून नाही.

मित्रांनो, उपदेश करायचं माझं वय झालं आहे म्हणून करतो. गाणं ऐकायला जा, ते जिथं असेल तिथं जा, बस बंद पडली तरी जा. आणि मग काय आवडलं ते मोठ्यानं सांगा. कोणी विचारलं की कोणाला विचारून सांगितलंस, तर म्हणा, माझ्या कानांना. फाटका फ्लेक्स दिसला तर टाकून देऊ नका, आधी वाचा. खोटा असेल तर सोयाबीनवर घाला, माझी हरकत नाही. खरा असेल तर त्याला दोन माणसं लागतात. दोन्ही टोकांना एकेक. तुम्ही एक टोक धरा.