गोळी फक्त शनिवार-रविवारची

सुनेने एका डॉक्टरच्या पांढऱ्या कोटावर इस्त्री तशीच ठेवली आणि कोटाला तपकिरी डाग पडला. चार वर्षांत तिच्या हातून साधा रुमाल जळला नव्हता. आमची लाँड्री तिच्या हातावर चालते, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणत नाही. इथे लिहिते. मी बटण बंद केलं आणि विचारलं, "काय झालंय? खोटं बोलू नकोस, मला वेळ नाही."

"आई, पाळी चुकलीये. अठरा दिवस वर झाले."

हिची मुलगी तेरा महिन्यांची. पोट फाडून काढली तिला, आणि पुढे टाके चिघळले म्हणून ही महिनाभर पलंगावर. दोन वर्षं दिवस जाता कामा नयेत, जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. बजावलं ते माझ्या लेकाला. ही तेव्हा गुंगीत होती.

"गोळ्या घेतेस ना?"

"घेते की. एकदाही विसरले नाही." तिने कपाटातून पाकीट काढलं. अर्ध्याहून जास्त गोळ्या शिल्लक. "हे शनिवार-रविवारीच घरी असतात. तेव्हा घेते. एरवी कशाला वाया घालवायच्या?"

लेक ट्रकवर असतो, पाच दिवस बाहेर. पण हे गणित तिला कुणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती. पहिल्या दिवसापासून मीच तिचे कान किटवलेत. साबण डाग असेल तिथेच घास, खळ लागेल त्याच कपड्याला दे, रिकामी इस्त्री तापत ठेवू नकोस. तिने माझं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा. आधी मला माझाच राग आला. पण स्वतःवर मी फार वेळ रागावत नाही. पाकीट मुठीत धरलं, तिला घेतलं आणि कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान गाठलं.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी पाकीट काउंटरवर आपटलं.

"ही गोळी रोज घ्यायची की नवरा घरी असेल तेव्हा?"

औषधवाल्याची मान खाली गेली. "मावशी, जरा हळू बोला."

"का? मी काही चोरून आणलंय?"

"रोज घ्यायची असते, ठरल्या वेळेला. असे दिवस सोडले तर उपयोग नाही. सगळ्यांना माहीत असतं हे."

"मला नव्हतं. हिला नव्हतं. माझ्या लेकाला दिलीत तेव्हा काय सांगितलंत?"

"त्यांनी काही विचारलं नाही."

"खोकल्याच्या औषधाला न विचारता सांगता. बाटली हलवा, जेवणानंतर घ्या, गाडी चालवू नका. आणि इथे बाईचा जीव टांगणीला लागतो, तर काळ्या पिशवीत गुंडाळून मोकळे होता?"

मागे एका गृहस्थाने घसा खाकरला. "तुमचं खोकल्याचंच असेल तर थांबा जरा, तुम्हाला ते नीट समजावून देतील," मी म्हटलं.

सुनेने बारीक आवाजात विचारलं, "राहिलेल्या सगळ्या आता एकदम घेतल्या तर?"

"नाही हो ताई, त्याने काही होत नाही. आधी तपासून बघा." त्याने तपासणीची पट्टी काढली आणि सवयीने काळी पिशवी उचलली.

"पिशवी नको," सून म्हणाली. मी म्हणणारच होते, ती आधी म्हणाली.

पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

लेकाला ट्रकवरून बोलावून घेतलं आणि तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दिवस थोडेच झालेत, औषध देऊन मोकळं करता येईल, म्हणाल्या. ठेवायचं तर जुन्या टाक्यांना धोका, शेवटपर्यंत जपावं लागेल. "काय ठरवताय?"

लेक माझ्याकडे बघत म्हणाला, "आई म्हणेल तसं."

"आईच्या पोटात आहे का?" मी म्हटलं. "गोळी कशी घ्यायची हे त्या दुकानात विचारायला तुझी जीभ टाळ्याला चिकटली. आता मला पुढे करतोस?"

खरं सांगते, मला ते मूल हवं होतं. ओठापर्यंत आलेलं गिळलं.

सून डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मला नको. आहे तिला मोठी झालेली बघायचीये."

त्यांनी कागद पुढे केला. लेकाने खिशातून पेन काढलं.

"तुमची नाही, यांची सही लागते."

सुनेने त्याच्या हातून पेन घेतलं, सावकाश सही केली आणि विचारलं, "यानंतर काय? चुकायची भीती नाही असं काही असेल तर मला सांगा. यांच्याकरवी नको."

बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. लेक उठून दाराकडे निघाला.

"बस खाली," मी म्हटलं. "तूही ऐक."