भिंतीकडे तोंड करून

"तुटलं," कमळाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पालथ्या मडक्यावरचा हात उचलला.

दीपाली दहा महिन्यांच्या छकुलीला कडेवर घेऊन चौकटीत उभी होती. सकाळपासून सासूबाईंचं हेच चाललं होतं. शिजवलेली कोसफळं, म्हणजे रेशमाचे कोष, ओल्या फडक्यात ठेवायची, चार-पाच फळांचे तंतू डाव्या चिमटीत एकत्र ओढायचे आणि उजव्या तळव्यानं मडक्याच्या पाठीवर वळायचे. तंतू वळत नव्हते. घसरत होते, गुंतत होते.

"मातीले ऊब नाई व," कमळाबाई म्हणाल्या. "सुताले कातडीची ऊब लागते."

मागावर बसलेल्या गुणवंतरावांनी ते तुटकं सूत बोटांत घेतलं, उजेडाकडे धरलं आणि परत ठेवलं. तोच त्यांचा निकाल.

सावली गावात कोसा रेशीम विणणारी घरं आता दोन-चारच उरली होती, आणि मांडीवर सूत काढणारी हे एकच. लुगडं डाव्या मांडीपर्यंत सारायचं, चिमूटभर राख फासायची आणि तिच्यावर सूत वळायचं. म्हणून त्या घरात एक रीत होती. सूत काढणारी बाई भिंतीकडे तोंड करून बसे. मागावर सासरा असो नाहीतर दारात व्यापारी येवो, तिनं वळायचं नाही आणि पुरुषानं तिच्यापुढे जायचं नाही. एका खोलीत तीस वर्षं गुणवंतराव विणत आले होते आणि कमळाबाई त्यांच्याकडे पाठ करून सूत काढत आल्या होत्या. शालूला गिऱ्हाईक यायचं ते गुणवंतरावांचं नाव घेत.

अशा घराला पॅरिसचं बोलावणं आलं होतं. नागपूरच्या एका संस्थेच्या बाई दिवाळीनंतर तिथल्या कापडाच्या प्रदर्शनाला कारागीर नेणार होत्या. नवऱ्यानं माग चालवायचा, बायकोनं सूत काढायचं, लोकांनी पाहायचं. पासपोर्ट आले, गुणवंतरावांचा कोट शिवून झाला, कमळाबाईंना कापडी बूट आणले. नवराबायकोची आजवरची लांब मजल म्हणजे रामटेक. आणि सगळं जुळून आल्यावर कमळाबाईंनी विचारलं होतं, "म्हणजे मांडी उघडी टाकून बसू का मी त्या फिरंग्यायच्या पुढं?"

"तिथं कोन वळखते व तुले, आई?" राइस मिलमधून जेवायला आलेला दीपालीचा नवरा सुनिल हसत म्हणाला होता.

"मी तं वळखतो ना मले."

म्हणून मांडीऐवजी पालथ्या मडक्यावर सूत वळून पाहायचं ठरलं होतं. मडक्याची युक्ती दीपालीनंच सुचवली होती. घरात बी.ए. झालेली ती एकटी. सगळे प्रश्न शेवटी तिच्या पदरात येऊन पडत.

"जाऊ द्या," गुणवंतराव आता म्हणाले. "सांगून टाक नागपूरच्या बाईले. मी एकटा नाई जात. दुसऱ्याच्या सुतावर माहा हात चालत नाई."

"तुमी जा ना. मिलचं सूत देतीन म्हणे ते," कमळाबाई म्हणाल्या.

"मिलचंच इनाचं असन तं त्यायच्या गावात काय कमी आहेत इनणारे?"

विषय तिथं संपला. छकुली हात पसरून झेपावली तशी कमळाबाईंनी मडकं बाजूला सारलं आणि तिला डाव्या मांडीवर घेतलं. पोर क्षणात निवली.

दीपालीच्या छातीतलं ओझं उतरलं, आणि ते उतरल्याचं तिला कळलंही. आषाढात छकुलीला तापात झटका आला होता. डोळे वर गेले, मूठ वळली, ओठ निळे पडले. काय करायचं ते दीपालीनं पुस्तकात वाचलेलं होतं. पण वाटीतलं पाणी तिच्या हातातून सांडलं आणि ती नुसती थरथरत उभी राहिली. कमळाबाईंनी पोरीला कुशीवर निजवलं आणि मिठाच्या पुड्या बांधाव्यात इतक्या शांतपणे ओल्या फडक्यानं अंग पुसलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ताप चढला की असं पुन्हा होऊ शकतं, वर्ष-दोन वर्षं जपा. तेव्हापासून दीपाली छकुलीच्या कपाळाला दिवसातून किती वेळा हात लावी त्याला गणती नव्हती. पंधरा दिवस सासूबाई घरात नाहीत, हा विचार आला की ती उठून छकुलीचा श्वास बघून येई.

आता ते टळलं होतं. तिनं काही केलं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती धुणं काढायला परसात गेली. भाताच्या तणसाच्या ढिगामागे कमळाबाई चालत होत्या. लुगड्याखाली ते पांढरे कापडी बूट. चार पावलं जायच्या, थांबायच्या, वळायच्या. एकदा ओचा सावरून पायाकडे पाहिलं आणि टाच जमिनीवर हलकेच आपटली, नवीन माठ वाजवून बघावा तशी. दीपाली दाराआड सरकली. थोड्या वेळानं सासूबाई आत आल्या त्या अनवाणी, बूट पदराखाली.

"ह्ये त्या दुकानदाराले वापस करून दे," त्यांनी बूट पुढे केले. "घातले नाईत म्हण."

तळाला ओल्या मातीचा पट्टा होता. तो त्यांनी पुसला होता, पण पुरता निघाला नव्हता.

दीपालीनं बूट घेतले. कमळाबाई आपल्या जागेवर गेल्या, भिंतीकडे तोंड केलं, राख घेतली. दीपाली त्यांच्या मागे उभी राहिली. लग्न होऊन आली तेव्हा ती इथंच उभी राहून शिकली होती, सासूबाईंच्या खांद्यावरून वाकून. मांडी दिसत नसे. पदर, गुडघा आणि त्यापलीकडे लाकडी फिरकीवर चढणारं मधाच्या रंगाचं सूत दिसे. तेवढं पुरलं होतं शिकायला.

बूट तिनं फळीवर ठेवून दिले. मग छकुलीला उचलून बाजारात निघाली.

एसटीडी बूथवाला लियाकत काचेच्या खोक्याबाहेर स्टूल टाकून बसला होता. "या भाबी. आज डायरेक्ट पॅरिस का नागपूरच?"

"नागपूरच, लियाकतभाऊ."

"आमची कमरजहाँ मले बोलते, गुणवंतभाऊ बायकोले विमानात घेऊन चालले अन् तुम्ही मले चंद्रपूर नाई दाखवत. फार तकलीफ दिली तुम्ही लोकायनं." तो पोरीला खेळवायला बाहेर घेऊन गेला.

नागपूरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "भिंतीकडे तोंड? अगं, लोक चेहरा बघायला येतात. पाठ काय बघणार?"

"सूत बघायला येतात ना मॅडम? सूत खांद्यावरून दिसतं. मी तसंच शिकले."

"पण..."

"बायकांना पुढे बसू देतील सासूबाई. पुरुषांनी मागून बघायचं. आमच्या घरी व्यापारीसुद्धा तसाच बघतो. एक भिंत मिळाली की झालं. कोपरा असेल तर आणखी बरं."

पलीकडे बाई हसल्या. "तिथल्या लोकांना सांगते मी. भिंत हवी म्हणून आजवर कुणी मागितली नव्हती."

घरी येऊन दीपालीनं सांगितलं तेव्हा कमळाबाईंचा हात मांडीवर थांबला. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"तुले कोनं सांगतलं हे कराले?"

"कोणी नाही, आई."

"अन् पोरगी?"

"मी आहे ना."

"तुह्ये हात कापतात."

मागावर गुणवंतरावांचा धोटा मध्येच राहिला. खरंच होतं ते. कमळाबाईंनी लुगडं खाली ओढलं, सरकून जागा केली. "बस इथी. अशी. तिले घे मांडीवर." दीपाली बसली. समोर हातभर अंतरावर सारवलेली भिंत. "मले बी पयले जमे नाई. सुताकडं पाहिलं का हात भेते. भिंतीकडं पाह्याचं. हाताले त्याचं काम माहीत असते. पोरीले ताप आला तं कुशीवर टाक, पट्टी ठेव, मिनिटभर भिंतीकडं पाह्य, मग पोरीकडं. घाबरलेल्या डोळ्यानं तिच्याकडं पाहू नको. समजली का?"

"हो."

"बूट वापस नाई ना केले?"

"नाही."

"बरं केलं."

जायच्या दिवशी कमळाबाई कोसा नेसल्या. त्या घरात कोसा विणला जाई, नेसला जात नसे. काठात एक चूक पडली म्हणून व्यापाऱ्यानं परत केलेली ती साडी गुणवंतरावांनी पेटीतून काढली होती आणि चूक झाकेल अशी निरी कशी घालायची ते खुणेनं दाखवलं होतं. नागपूरच्या एसटीत खिडकीशी बसून कमळाबाई छकुलीला टाटा करत राहिल्या, पण दीपालीकडे त्यांनी पाहिलं नाही. गाडी वळेपर्यंत पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी छकुलीचं अंग तापलं.

दीपालीनं औषध पाजलं, सुनिलला मिलमध्ये निरोप धाडला. तेवढ्यात लियाकतचा पोरगा कैफ धावत आला. पॅरिसचा फोन येणार होता, पाच मिनिटांत पुन्हा लागेल म्हणे. बूथ चार घरांवर. ती पोरीला खांद्यावर टाकून गेली. गळ्याशी तिचा ऊन श्वास लागत होता.

"दीपाली व? बरी हाय का पोरगी?" आवाज लांबून, विहिरीतून यावा तसा आला.

"बरी आहे, आई."

"झोपली का?"

"खांद्यावर आहे. लोक येतात का बघायला?"

"येतात. एक बुढी रोज येते, पुढं बसते. एक अक्षर समजत नाई तिचं, पण कोसफळं धरून देते मले. पुरुष मागं राह्यतात. कोनी पुढं येत नाई." मग, "भिंत देली त्यायनं."

"कशी आहे?"

"पांढरी. निसती पांढरी हाय व. एक डाग नाई तिच्यावर."

फोन कटला. लियाकतनं निरोपाचे पैसे घेतले नाहीत, पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि ऑटो आणायला गेला.

ऑटो यायला वेळ होता. दीपाली घरी आली, सासूबाईंच्या जागेवर बसली, छकुलीला मांडीवर कुशीवर वळवून घेतलं आणि पट्टी ठेवली. हात थरथरायला लागला तसं तिनं भिंतीकडे पाहिलं. सारवणावर बसल्या माणसाच्या कपाळाच्या उंचीला तळहाताएवढा एक गुळगुळीत, तेलकट, काळसर गोल उमटला होता. तीस वर्षांत अधूनमधून दमून टेकलेल्या डोक्याचा. दर दिवाळीला घर सारवताना कमळाबाईंनी तेवढी जागा सोडून सारवलं होतं.

दीपालीनं पुढे वाकून आपलं कपाळ तिथं टेकलं. थंड होतं. मग ती सरळ बसली, फडकं पिळलं, आणि दुसरी पट्टी ठेवली.