मामांच्या डोळ्यातली जिलेबी

बिबट्यामागे नुसती काठी घेऊन धावलेले माझे सासरे एका कॅमेऱ्याला घाबरले, हे वाडीत कुणाला सांगून पटायचं नाही. पण घाबरले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. वाडी त्यांना नाथा म्हणून ओळखते.

कॅमेरा माझाच. म्हणजे मी कामाला आहे त्या संस्थेच्या गाडीतला. गाडी वेल्ह्याकडच्या गावांतून फिरते. माणसाने हनुवटी टेकवायची, हिरव्या ठिपक्याकडे बघायचं, की कॅमेरा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढतो. मग कॉम्प्युटर त्या फोटोतल्या रक्तवाहिन्या रेखत जातो, काही लाल, काही निळ्या. एखादी पाझरत असेल तर तिथे पिवळं वर्तुळ टाकतो. साखरेच्या आजारात हे पाझरणं गुपचूप चालतं. माणसाला कळेस्तोवर नजर जायला लागलेली असते.

आणि मामांना साखर आहे. वर रोज सकाळी ते माझ्या दीड वर्षाच्या शेफालीला खांद्यावर घेऊन शेरडांमागे डोंगराला जायचे. वाट कड्याच्या अंगाने. त्यामुळे ते डोळे एकट्या मामांचे नव्हते, निम्मे माझे होते.

"मला समदं दिसतंय," मामा म्हणायचे. "ती बघ, आली शेफी." पाठमोरे असले तरी त्यांना कळायचं. दिवाळीत त्यांनी करडाच्या गळ्यातलं घुंगरू काढून तिच्या पायात बांधलं होतं. पोर घरभर छुनछुन करत फिरायची आणि सगळी वाडी आजोबांचं कौतुक करायची.

एका संध्याकाळी मी लॅपटॉप घरी आणला. म्हटलं, आधी माझ्याच डोळ्याचा फोटो दाखवते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चूल सोडून पुढे सरकल्या.

"अगं बया! पानं गळाल्याल्या पांगाऱ्यावानी दिसतंय की."

मामा दारातूनच म्हणाले, "ह्यात माणसानं काय काय बघितलं त्ये बी दिसतं व्हय?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "तर! नागाच्या डोळ्यात मारनाऱ्याचा फोटू ऱ्हातो, म्हाईत न्हाई व्हय? तुमच्या डोळ्यात कापूरहोळची जिलेबी दिसंल. पाकासकट!"

मला हसू आवरेना. हसून डोळे पुसते तर मामा काठी घेऊन पसार. त्यानंतर गाडी आमच्या जवळच्या मार्गासनीला यायची म्हटलं की मामांच्या शेरडांना नेमकं पलीकडच्या डोंगरावरचं गवत गोड लागायचं.

मग एका मंगळवारी, नेमकी गाडी मार्गासनीत असताना, आत्यांचा पाय मुरगळला. दुपारी शेफालीला पाजायला माझ्याकडे आणायचं काम मामांवर आलं. गाडीच्या दारात उभं राहून त्यांनी पोर लांबूनच पुढे केली. "घे. म्या चाललो."

पण शेफालीने त्यांची मिशी सोडली तर ना! मिशीमागून मामांना गाडीत चढावंच लागलं. वर पोरीने स्वतःच त्या हनुवटीच्या पट्टीवर गाल टेकवला आणि खुर्चीवर हात आपटला. "बश! आबा बश!"

बाहेरची रांग हसायला लागली. लाजेकाजेस्तव मामा बसले.

"आदीच सांगून टाकतो," ते पुटपुटले. "खाल्ली जिलेबी. दोनदा."

"डोळे मोठे करा मामा."

"भजी बी."

"हलू नका."

"आन् आईस्क्रीम. पर त्ये शेफीनं सांडल्यालं. वाया जाऊ ने म्हून."

खट्. उजेड चमकला.

कॉम्प्युटर रेघा ओढू लागला. उजवा डोळा बरा निघाला. डाव्यात एक लाल रेघ निघाली, वळली, आणि तिच्याशेजारी पिवळं वर्तुळ उमटलं. मग आणखी एक. मग त्यालाच चिकटून तिसरं. माझं हसू कुठे गेलं कळलं नाही.

मामा पडद्याकडे नव्हे, माझ्या तोंडाकडे बघत होते. "दिसली का जिलेबी?"

"न्हाई मामा. जिलेबी नसती दिसत त्यात."

"मग शेफी तरी दिसती का त्यात?"

"शेफी कशी दिसंल?"

त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर घेतला. "दिवाळीपासनं या डोळ्याम्होरं जाळं आलंय. या अंगाला बसल्याली पोर मदीच गायब व्हती. म्हून घुंगरू बांधलं. वाजलं की कळतं, हाय म्हून." मग अगदी हळू, "तुला कळलं तर तू पोर माझ्याकडं देनार न्हाईस."

कड्याची ती वाट डोळ्यांपुढे आली. चांगलं खडसावणार होते. पण शेफालीच्या हातून दुधाचा पेला सांडला की ती जशी बघते, अगदी तसे ते बघत होते.

"न्हाईच देनार," मी म्हणाले. "कड्याला न्हाई आन् खांद्यावर न्हाई. अंगणात खेळवा की दिसभर. आधी डोळ्याचं काम करून घ्यायचं."

"किती दिस लागत्याल?"

"तुमी लपवलं तेवढे न्हाई लागायचे."

दुसऱ्याच दिवशी माझे यजमान माउली त्यांना पुण्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. लेसर झालं, इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. मामा काळा चष्मा लावून परतले आणि वाडीभर सांगत सुटले, "कॉम्प्युटर समदं बघतो. लपवायची सोय न्हाई!" त्याचा ताप मला. आता गाडीत माणसं बसण्याआधीच कबुलीजबाब देतात. परवा एका बाबांनी शेजाऱ्याची कोंबडी कबूल केली.

मामांची नजर पूर्वीसारखी लख्ख नाही, पण पोर मधेच गायब होत नाही. कड्याची वाट अजून बंदच आहे. घुंगरू मात्र त्यांनी स्वतः सोडलं आणि करडाच्या गळ्यात परत बांधलं. शेफालीने त्यावर रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून मामांनी तिला लपाछपी शिकवली.

आत्ता ओट्यावर बसून मी हे लिहितेय ते त्या लपाछपीच्याच जिवावर. शेफाली कोंबड्यांच्या डालग्याआड लपली आहे, म्हणजे तोंड तेवढं लपलंय, अख्खी पाठ बाहेर. मामा तिच्यापासून चार हातांवर उभे आहेत आणि कपाळावर हात धरून लांब डोंगराकडे बघतायत.

"कुठं गेली माझी शेफी? मला तर बाबा कायबी दिसंना!"

आत्या लंगडत दारात आल्या. "अवो, पुन्यांदा जाळं आलं का काय?"

मामांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आत्यांकडे बघून डावा डोळा मिचकावला.