मंडईच्या दिवशीची कढी

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज, म्हणजे उभट पातेले, आहे आणि मी सूड उगवला आहे. जुन्या भांड्यांनी आजवर तुम्हाला गोड गोड गोष्टी सांगितल्या असतील. माझी गोष्ट आंबट आहे. ज्याला सोसत नसेल त्याने आत्ताच उठावे.

माझा जन्म भंडाऱ्याचा. हातोड्यांचा भरपूर मार खाऊन मी गोल झालो आणि नागरा गावच्या एका घराने मला लेकीच्या लग्नात आंदण दिले. ती लेक म्हणजे धनवंता. केवलरामची बायको होऊन ती दवनीवाड्याजवळच्या या गावात आली, तेव्हा बैलगाडीत मी तिच्या पायांशी होतो. ती रडत होती आणि मी मात्र नव्या घरात मिरवायला मिळणार म्हणून खुशीत होतो.

त्या घरातली संध्याकाळची जेवणे मी कधी विसरणार नाही. केवलराम धानाच्या बांधीतून परतला की पाय धुऊन चुलीपाशीच बसे. एका बाजूला दुर्गेश, दुसऱ्या बाजूला त्याची बहीण चंचल आणि मधोमध मी. माझ्या पोटात गोळ्यांची कढी रटरटत असे. धनवंता लाखोळीची डाळ भिजवून पाट्यावर वाटी, तिच्यात लसूण-मिरची घालून गोळे वळी आणि उकळत्या ताकात एकेक सोडी. वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. भाताच्या ढिगात खळगा करून त्यात कढी ओतली की दोन्ही पोरे गप्प होत. घरातली शांतता काय ती तेवढीच. मग गोळ्यांवरून जुंपे.

"मले एकच गोळा, न तिले दोन काऊन?" हा दुर्गेशचा रोजचा प्रश्न.

धनवंता आपल्या वाटचा गोळा त्याच्या थाळीत टाकी आणि स्वतः नुसती कढी ओरपी. हे मी पाहिले आहे. दुर्गेशने पाहिले नसावे, त्याचे लक्ष गोळ्यावर असे.

माझीही तेव्हा चांगली बडदास्त होती. दिवाळी झाली की आमच्या गावाची मंडई भरते. घरोघरी पाहुणे उतरतात, दुकाने लागतात, दंडारीचे लोकनाट्य होते. त्याच्या आधी कल्हईवाला गावात येई. तो मला भट्टीवर तापवी, नवसागर टाकी, कथील फिरवी आणि माझे पोट आतून चांदीसारखे लखलखे. पितळेत आंबट शिजवायचे तर ही कल्हई हवीच. ती उडालेली असली की पदार्थ कळकतो, हिरवट आणि कडूजहर होतो. धनवंता आधी माझ्या पोटात वाकून पाही, बोट फिरवी आणि मगच ताक घाली. तिने माझ्यात शिजवलेले कधी कळकले नाही.

पुढे केवलराम गेला. चंचल लग्न होऊन बालाघाटला गेली. दुर्गेशने गोंदियात मोबाईलचे दुकान टाकले आणि खुशबूला लग्न करून या गावच्या घरात आणले. पोरगी वाईट नव्हती, पण गोंदियात वाढलेली. तिला कुकर ठाऊक, गॅस ठाऊक. मी कशाशी खातात हे तिला ठाऊक नव्हते. याच सुमारास धनवंताच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.

आणि एके दिवशी तिच्याकडून कढीत मीठ दोनदा पडले. एवढेच झाले. घास तोंडात घालताच दुर्गेशने थाळी अशी सरकवली की कढी भिंतीवर उडाली.

"उद्यापासून तू तुहा सयपाक वेगळा कर," तो आईला म्हणाला. "आमाले असं खाऊ घालू नोको."

ज्या पोराला तिने तोंडातला गोळा काढून दिला, तो हे बोलला. दुसऱ्या दिवशी तिने बाहेरच्या सपरीत, ओट्यावरच्या छपराखाली, दोन विटा मांडून चूल पेटवली. त्या दिवसापासून ती तिथे एकटी शिजवू लागली आणि एकटी जेवू लागली. घरात गॅसचा नवा ओटा, नव्या फरशा, नवी स्टीलची भांडी आली. मला गोठ्यात टाकले. माझ्यात म्हशीसाठी ढेप, म्हणजे सरकीची पेंड, भिजू लागली. उरलीसुरली कल्हई दुर्गेशच्या लोखंडी फावड्याने खरवडून निघाली. म्हशीवर माझा राग नव्हता. पण दुर्गेशचा हात माझ्या काठाला लागला की मी मनात म्हणे, बच्चमजी, तुझी वेळ येईल. भांड्याला पाय नसतात, त्यामुळे वाट पाहण्याची सवय दांडगी असते.

त्याची वेळ गेल्या मंडईला आली. गुड्डू आणि गोंदियाचे इतर दोस्त जेवायला येणार होते. दुर्गेशने त्यांच्यापुढे लहानपणच्या जेवणांच्या फार बाता मारल्या होत्या. सकाळीच त्याने मला गोठ्यातून काढले आणि चिंच लावून बाहेरून असे घासले की आरशात पाहावे. मग मोबाईल समोर धरून बोलू लागला, "दोस्तहो, हा पाहा आमच्या घरचा गंज. याच्यातच माही माय कढी करे. आमी सारे गोल बसून खात होतो. काय दिवस होते!"

त्याची माय तिथेच सपरीत बसून होती. तिच्याकडे मोबाईल काही वळला नाही. माझे पितळ तेव्हा चुलीशिवाय तापले, मित्रांनो!

खुशबूने ताक आणले. त्याचा वास धनवंताला बाहेर आला आणि तिने आवाज दिला, "अरे, कल्हई त पाह्य आधी. तसंच ताक टाकू नोको त्यात."

"माय, तू तुह्या चुलीकडं पाह्य," दुर्गेश म्हणाला. "इकडचं मी पाहून राहिलो ना."

ती आपल्या चुलीकडे वळली. माझा आनंद गगनात मावेना. या, म्हटले, ताकराज, माझ्या नागड्या पोटात या! सकाळभर ती कढी माझ्यात मुरली. मी अंगातली सगळी कटुता तिच्यात उतरवली. दुपारी पंगत बसली, कढी वाढली गेली आणि गुड्डूने पहिला भुरका मारला.

"अबे दुर्गेश, ये क्या खिला रहा है? जहर है क्या?"

मग काय विचारता! कोणी थुंकायला अंगणात धावला, कोणी चुळा भरू लागला. दुर्गेशने झाकण काढून पाहिले. आत हिरवट तवंग आला होता. त्याचे तोंड माझ्यासारखेच पिवळे पडले.

तेवढ्यात सपरीतून फोडणीचा वास आला. मंडईला दारी येणारा उपाशी जाऊ नये म्हणून धनवंताने आपल्या साध्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, भांड्यात चांगली भरपूर कढी केली होती.

"पोरायनो, उपाशी काऊन उठता?" ती म्हणाली. "इकडं या."

सगळी पंगत उठून सपरीत गेली. खुशबूही गेली. धनवंताने चाचपत चाचपत प्रत्येकाला भात वाढला, कढी वाढली, दोन दोन गोळे घातले. शेवटी दुर्गेश थाळी घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"आपला सयपाक वेगळा हाय, बापा," ती म्हणाली. "तुहा तिकडं गंजात हाय. तो खाय."

तिला वाईट वाटले का? वाटले. तिचे डोळे भरून आले होते. पण भांडे रिकामे होईपर्यंत ती बाकीच्यांना वाढत राहिली आणि त्याच्या थाळीत तिने शीतही टाकले नाही. दुर्गेश दोस्तांसमोर उपाशी मंडईत गेला. मला विचाराल तर हे कमीच झाले.

त्यानंतर त्याने मला गोंदियाला नेऊन कल्हई करून आणले, आईसमोर ठेवले आणि मान खाली घालून म्हणाला, "माय, आता घरात चाल."

"मी नाही येत," धनवंता म्हणाली. "जेवाचं असंन त तू इकडं ये."

तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे. आता ती माझ्यातच शिजवते. दुर्गेश रोज थाळी घेऊन सपरीच्या पायरीशी येतो आणि उभा राहतो. तिने बोलावले तर बसतो.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, असे मी तुम्हाला हात जोडून सांगणार नाही. आम्हाला गोठ्यात टाका, आमच्यात ढेप भिजवा, आणि ज्या हातांनी आमच्यात शिजवून तुम्हाला वाढवले त्यांना खुशाल बाहेर बसवा. तुमची मर्जी. कधीतरी तुम्हाला कढी खावीशी वाटेलच.