अरे-तुरे

दातांच्या कवळ्या बनवणारा तो माणूस या शहरात आला, तेव्हा त्याची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगी लग्न करून लांब राहत होती. जुन्या घरात प्रत्येक खोलीत बायको आठवायची, म्हणून त्याने इथल्या एका दंतवैद्याकडे नोकरी धरली आणि वह्या-पेनांच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. दिवसभर प्लास्टरचे जबडे, मेण आणि छोटीशी ज्योत. जबडे बोलत नाहीत, त्यामुळे त्यालाही बोलावं लागत नसे. रविवार मात्र खायला उठायचा.

बायको दर रविवारी चर्चला जायची. हा तिला फाटकाशी सोडायचा, समोरच्या बाकावर पेपर वाचायचा आणि उपासना संपली की घरी न्यायचा. बाप्तिस्मा त्याचाही झाला होता, पण देवाशी त्याची ओळख सासरच्या माणसांशी असते तशी, बायकोमार्फत. एका रविवारी पेपर वाचून झाला, जाहिरातीही वाचून झाल्या, तेव्हा तो उठला आणि दोन गल्ल्या पलीकडच्या चर्चमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर बसला.

मंडळी लहान होती आणि भली होती. "या, बसा," "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं." उपासनेनंतर मागच्या सभागृहात चहा असायचा. त्याने कप विसळायला घेतला की कुणीतरी धावत येई, "अहो, तुम्ही कशाला? तुम्ही बसा!" खुर्ची उचलली तर ती हातातून काढून घेतली जाई. उन्हाळा गेला, थंडी आली, हा पाहुणा तो पाहुणाच.

"लोक कसे आहेत, बाबा?" मुलीने फोनवर विचारलं.

"फार चांगले. लग्नात दुसऱ्या पक्षाचे लोक असतात ना, तेवढे चांगले."

सभागृहामागचं स्वयंपाकघर आत्यांच्या ताब्यात होतं. आत्या म्हणजे मुलींच्या वसतिगृहाच्या निवृत्त रेक्टर. सख्खं भाचरू एकही नाही, पण पाळकांपासून सगळे त्यांना आत्याच म्हणत. त्याही पाळकांना सरळ "अरे" म्हणत. याच्याशी मात्र त्यांची भाषा इस्त्री करून यायची. "आपण चहा घेतलात का? साखर ठीक आहे ना?"

एका शनिवारी चर्चची साफसफाई बघणारा माणूस तापाने पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहात पियानो वाजवणाऱ्या मास्तरांच्या मुलीचं लग्न. सगळे सजावटीच्या सामानासाठी बाजारात निघाले होते. पाळकांनी याला विचारलं, "जरा मोटर लावाल का? गच्चीवरची टाकी भरली की बंद करायची, एवढंच." इतक्या दिवसांत मिळालेलं हे पहिलं काम. त्याने मोठ्या हौशीने बटण दाबलं आणि जिन्यात बसून राहिला.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. एका वकिलांची कवळी मधोमध तडकली होती आणि त्यांना त्याच दुपारी भाषण करायचं होतं. हा धावला. कामात डोकं घातलं की जगाचा विसर पडायचा ही त्याची जुनी खोड. कवळी बसली, वकील हसून गेले, आणि हात धुताना नळाचं पाणी बघून याला चालू मोटर आठवली.

तो पोचला तेव्हा गच्चीवरून आलेलं पाणी जिना उतरून सभागृहात शिरलं होतं. गालिचे चिंब झाले होते. खोक्यातल्या कागदी फुलांचा लगदा झाला होता. पियानोचे पाय पाण्यात होते. बाजारातून परतलेली माणसं नुसती बघत उभी होती. आत्या दारातच होत्या.

"अरे, डोकं कुठे ठेवलं होतंस?" त्या कडाडल्या. "मोटर लावून माणूस निघून जातोच कसा?"



"मी मुद्दाम केलं का?" हाही तडकला. "दवाखान्यातून फोन आला होता!"

"मग कुणाला तरी सांगून जायचं! लोकांना दात लावत फिरतोस, तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

कुणीतरी फिसकन हसलं. त्याचा चेहरा लाल झाला. मोटरच्या खोलीची किल्ली त्याने टेबलावर आपटली आणि तडक खोलीवर आला. परत तिकडे फिरकायचं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. चहा ठेवला, तोही उतू गेला.

थोड्या वेळाने दार वाजलं. आत्या होत्या. चपला ओल्या, एक हात चौकटीवर, जिना चढून धाप लागलेली.

"रुसून झालं असेल तर चल. गालिचे उचलायला माणसं कमी पडतायत."

"सगळ्यांदेखत बोललात तुम्ही मला."

"मग काय कानात सांगू? पाणी काय लपून आलं होतं?"

"मी उद्यापासून येणार नाही."

"उद्याचं उद्या. गालिचे आज ओले आहेत."

 त्याने पायांत चपला सरकवल्या.

सभागृहात पाळक विजार गुडघ्यापर्यंत दुमडून झाडूने पाणी लोटत होते. नवरी स्वतः डोक्याला फडकं बांधून, केस वाळवायच्या यंत्राने पियानोचे पाय वाळवत होती. त्याने मान खाली घालून माफी मागितली. "जाऊ द्या हो काका," ती म्हणाली. "उद्या नवऱ्याला सांगेन, माझ्या लग्नात पियानोनेसुद्धा आंघोळ केली होती."

गालिचे पाण्याने दगडासारखे जड झाले होते. एकाचं एक टोक आत्यांनी धरलं, दुसरं याने.

"वर धर, वर! जेवत नाहीस का रे?"

तो हसला. हसता हसता त्याच्या हातातलं टोक सुटलं.

"काय झालं? कंबर धरली?"

"नाही," तो म्हणाला. "ही गेल्यापासून मला कुणी रागावलंच नव्हतं. ती मोजा इकडचा तिकडे पडला तरी घर डोक्यावर घ्यायची."

 आत्यांनी विचारलं, "नाव काय तिचं?"

त्याने सांगितलं. या गावात आल्यापासून ते नाव त्याने पहिल्यांदाच तोंडातून काढलं होतं. आत्यांनी ते एकदा म्हणून पाहिलं. "उद्या प्रार्थनेत घेऊ," त्या म्हणाल्या. "आता उचल. सगळं पाणी माझ्या पायांवर गळतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकांनी प्रार्थनेत त्याच्या बायकोचं नाव घेतलं, आणि सगळी मंडळी "आमेन" म्हणाली. शेवटच्या बाकावर त्याने रुमाल काढला. दुपारी लग्न लागलं. सभागृहाला ओल्या कपड्यांचा वास होता, पियानोची एक पट्टी दाबली की वर यायला तयार नव्हती आणि कागदी फुलांच्या जागी घराघरांतल्या कुंड्या आणून मांडल्या होत्या. तरी लग्न झकास झालं.

त्यानंतर कप विसळायचं काम त्याच्याकडे आलं आणि त्याबरोबर बोलणीही. एका आजोबांनी त्याला तोंडावर सांगितलं, की तू गीत म्हणतोस तेव्हा आमचा सूर जातो. त्यानेही पाळकांना सांगून टाकलं, की प्रवचन फार लांबतं. पाळक थोडे फुगले, पण पुढच्या रविवारी लवकर आवरलं. साखरेवरून आत्यांशी त्याचं दर आठवड्याला वाजायचं. तो तापाने पडला तेव्हा त्याच आत्या पेज घेऊन जिना चढून आल्या आणि खोलीतल्या पसाऱ्यावरून त्याला झोडपून गेल्या.

पुढे मुलगी त्याला कायमचं घेऊन जायला आली. रविवारी ती त्याच्याबरोबर चर्चला गेली. चहाच्या वेळी याच्या हातून कप फुटला आणि आत्यांचा आवाज सभागृहभर घुमला. मुलीच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"बाबा, या बाई तुमच्याशी असं बोलतात? आणि तुम्ही ऐकून घेता?"

"ऐकून कुठे घेतो? मीही सुनावतो की."

"ते राहू दे. तिकडे खोली रिकामी आहे. इथे एकटं राहून काय करणार? आपलं आहे कोण इथे?"

त्याने फुटक्या कपाचे तुकडे गोळा केले. "सुट्टीत येईन, बेटा," तो म्हणाला. "हक्काने राहीन, तुझ्या हातचं खाईन. पण मुक्काम इथेच."

तिला ते पुरतं पटलं नाही. तरी निघताना ती आत्यांकडे गेली आणि म्हणाली, "बाबांकडे लक्ष ठेवा." आत्यांनी तिला जवळ घेतलं आणि केस किती पातळ झालेत म्हणून दोन शब्द सुनावले.

मुलीला बसमध्ये बसवून तो परत फिरला. बाकांना कुठला रंग द्यायचा, यावर चार वाजता सभा होती. पाळकांना पिवळा हवा होता. पिवळा त्याला अजिबात मान्य नव्हता, आणि आपण पोचायच्या आत ठरून जाईल म्हणून तो भराभर चालत होता.