मिस्तरींचा पहिला नंबर

बस डेपोतले मिस्तरी कानाचे पक्के. डिझेलच्या इंजिनाला पान्याचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, की दुखणं कुठं आहे ते सांगून मोकळे! अठ्ठावीस वर्षं डेपो त्यांच्या कानावर चालला. मग विजेच्या बसगाड्या आल्या. हवा सुधारली म्हणे. मिस्तरींची मात्र पंचाईत झाली. मेल्या गाड्या आवाजच करत नाहीत!

त्यात वरून फर्मान आलं: मोबाईलवर चाळीस धडे, शेवटी परीक्षा, आणि नापास होईल तो घरी. मिस्तरी पहिल्याच धड्याला घोरायला लागले. शेजारी भाजी निवडत बसलेली बायको पुढचं ऐकत राहिली. दुसरा धडा तिनेच लावला. महिनाभरात चाळीसही संपवले आणि मिस्तरींच्या नावावर परीक्षाही देऊन टाकली.

निकाल लागला आणि घात झाला. मिस्तरी डेपोत पहिले! साहेबांनी पाठ थोपटली. "सोमवारी बंद पडलेली गाडी उघडून सगळ्यांना तुम्हीच शिकवायचं."

"एवढे मार्क कशाला काढलेस गं?" घरी येऊन मिस्तरी करवादले.

"मग काय, येत असून चुकीचं लिहू?"

शेवटी ठरलं असं, की मोबाईल स्पीकरवर टाकून शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि बायकोने घरून हळूच सांगायचं. हळू बोलणं तिला जन्मात जमलं नव्हतं, हे मिस्तरी घाईत विसरले.

सोमवारी समोर वीस जण, शेजारी साहेब, पुढ्यात बॅटरीची उघडी पेटी. बायको काही सांगायच्या आत जुनी सवय आडवी आली. मिस्तरींनी पाना उचलून कानाला लावला आणि दुसरं टोक पेटीत नेलं. ते कडेला लागून खणकन वाजलं.

"अहो! पाना ठेवा खाली!" खिसा ओरडला. "मेन स्विच काढलात का? हातमोजे कुठायत? जागच्या जागी कोळसा होईल तुमचा!"

जबर विजेची नारिंगी केबल पान्यापासून चार बोटांवर होती. मिस्तरींनी पाना टाकून दिला.

"कोण बोलतंय?" साहेबांनी विचारलं.

आता लपवून काय उपयोग! "बायको. परीक्षा तिनेच दिली, साहेब. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

साहेब विचारात पडले. वर कळवावं, तर डेपोची अब्रू जाणार. बाकीचे वीस जणही एकदम जमिनीकडे बघायला लागले होते. त्यांचे धडे कुणी ऐकले होते देव जाणे. साहेबांनी घसा खाकरला आणि ते मिस्तरींच्या खिशाकडे वाकले.

"बाई, उद्यापासून इथे शिकवायला याल का?"

"ते मग बघू," खिसा म्हणाला. "आधी यांना हातमोजे घालायला लावा."

तिचा आवाज कापत होता. तेवढं मात्र मिस्तरींच्या कानाने बरोबर ओळखलं.